चिझमबाईंस, मुक्काम पोस्ट चिझम

सौ. कॅरोलिनबाई चिझम यांस,
सा. न. वि. वि.

मेलबर्नच्या पूर्व उपनगरांतला तुमच्या नावाचा मतदारसंघ १९४९ पासून सुखरूप आहे, हे कळवायला आनंद होतो. पहिली ३४ वर्षे तिथून पुरुषच निवडून गेले. पण पाटीवर बाईचे नाव आहे म्हणून आत बाईच हवी, असा हट्ट कोणी धरावा? ऑस्ट्रेलियाच्या पाच डॉलरच्या नोटेवरही १९६७ पासून तुम्ही होतात. १९९२ मध्ये तुम्हाला उतरवून तिथे राणीला बसवले. मान राणीचा मोठा, तुम्ही समजून घ्यालच.

तुमची कामाची पद्धत मात्र आम्हाला परवडणारी नाही. १८४१ मध्ये सिडनी बंदरात उतरणाऱ्या निराधार मुलींसाठी गव्हर्नर गिप्सच्या मागे लागून तुम्ही जुनी बराक मिळवलीत. पहिल्याच रात्री उंदरांनी हैराण केले, तर दिवा लावून बसून राहिलात आणि पुढे त्यांना विष घातलेत. कुणाला कुठले काम हवे याची फुकट नोंद ठेवलीत आणि ‘कॅप्टन’ नावाच्या पांढऱ्या घोड्यावर बसून मुलींना थेट रानातल्या वस्त्यांपर्यंत पोचवलेत. एवढे करून मते किती? शून्य!

आमचे उमेदवार शहाणे. दिवाळीला ग्लेन वेव्हर्लीच्या हॉलमध्ये येतात, तेव्हा झब्ब्याची दुकानातली घडीही मोडलेली नसते. आमच्या बायकांनी दिलेली चकली फोटो होईस्तोवर हातात धरतात; मग ती कुठे जाते, कोण जाणे. तीन-चार महिन्यांनी चांद्र नववर्ष आले की गळ्यात लाल मफलर. परदेशातली पदवी इथे का चालत नाही, असे विचारले तर म्हणतात, ईमेल करा.

चिनी मंडळींची तर चांदी आहे. तुम्ही १८५४ मध्ये व्हिक्टोरियात आलात, सोन्याच्या खाणींकडे निघालेल्या कुटुंबांना वाटेत निवारा मिळावा म्हणून खटपट केलीत. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, इथल्या सरकारने बंदरात उतरणाऱ्या चिनी माणसावर डोईमागे दहा पौंड बसवले. आता बघा कशी कदर आहे! २०१९ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी चिनी वंशाच्या बायकांनाच तिकीट दिले. शिवाय मतदान केंद्रांबाहेर खास चिनी भाषेत फलक लागले. रंग थेट निवडणूक आयोगाचा जांभळा, आणि मजकूर असा, की मत देण्याची योग्य पद्धत म्हणजे लिबरल उमेदवारापुढे १ लिहिणे. न्यायालयाने फलक दिशाभूल करणारे ठरवले आणि निकाल तसाच ठेवला. चिनी वाचता येणाऱ्यांची इतकी काळजी या मतदारसंघात तुमच्यानंतर कुणी घेतली असेल, असे वाटत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की तो घोडा कुठे बांधला आहे ते कळवावे. कॅनबेराला पाठवायचा आहे.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक स्थलांतरित मतदार

ता. क. : इथे मत न दिल्यास वीस डॉलर दंड होतो. तुम्ही निर्धास्त राहा. बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळाले १९०२ मध्ये, आणि तुम्ही १८७७ मध्येच गेलात. तुमच्या नावावर काही बाकी निघत नाही.