घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

जुनी वस्तू खरोखर विकत घ्यायला आलेला माणूस आधी तिचा अपमान करतो. "हे आता कोण घेतंय?" अशी सुरुवात होते. मग तो पाय हलतोय का ते बघतो, मागच्या बाजूला बोट फिरवून धूळ आपल्यालाच दाखवतो आणि शेवटी असा आकडा सांगतो की, याला उगाच आत बोलावलं असं वाटावं. हा अपमान म्हणजे प्रामाणिक व्यवहाराची खूण असते, हे मामाचं टीव्ही युनिट विकायला निघेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

डबा टीव्हीच्या काळात सुताराला घरी बसवून करून घेतलेलं ते युनिट. अस्सल सागवान, वर काचेची कपाटं, खाली व्हीसीआरसाठी खास खण. टीव्ही भिंतीवर गेला आणि मधल्या खिंडारात मामीने मनी प्लांट ठेवला. मामाने किंमत ठरवली पंधरा हजार. "सागवान आहे," म्हणाला. त्यावर कुणी काही बोललं नाही. मी फोटो काढून जाहिरात टाकली आणि फोन सुरू झाले. नमस्कार-चमत्कार न करता "लास्ट किती?" विचारणारे बरेच. एकाला नुसत्या काचा हव्या होत्या. एकाने तर "मी नेतो, पण टेम्पोचं भाडं तुम्ही द्याल ना?" असं विचारलं.

मग एक फौजी आला. म्हणजे फोनवर आला.

"जय हिंद सर जी!" बदली होऊन पुण्याच्या विमानतळावर आलेला, ड्युटीमुळे बघायला येता येत नाही, पण फोटो बघूनच पसंत आहे, माल न्यायला आपला माणूस गाडी घेऊन येईल. आणि पंधरा हजार? "ठीक है सर जी." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर कॅन्टीन कार्ड, आधार कार्ड, गणवेशातला फोटो. मामाची उभी हयात बँकेत गेलेली. त्याने आधारवरचा फोटो आणि कॅन्टीन कार्डावरचा फोटो भिंग घेऊन ताडून पाहिले. तंतोतंत जुळले. जुळणारच. अशी कार्डं बऱ्याचदा खऱ्याच जवानांची असतात, आधीच्या कुठल्यातरी सौद्यात उचललेली. बोलणारा तेवढा दुसरा असतो.

माझं मत असं की, मामा निम्मा फसला तो हिंदीमुळे. त्याची घासाघीस मराठीत, संशय मराठीत, खवचटपणा तर शुद्ध सदाशिव पेठी. हिंदीत त्याला येतं ते फक्त "हां जी" आणि "बराबर है". पैसे घ्यायला पिन कशाला, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता, असं तो आजही शपथेवर सांगतो. पण तो हिंदीत कसा विचारायचा याची जुळवाजुळव होईपर्यंत तिकडून क्यूआर कोड येऊन पडला होता.

"फौज में पेमेंट उलटा होता है, सर जी." हे वाक्य मला फार आवडतं. सैन्याचं सगळंच आपल्याला अगम्य आणि आदरणीय. पहाटे उठतात, बर्फात उभे राहतात, तर पेमेंट उलटं होत असेलही. आधी पाच रुपयांची चाचणी झाली. मामाने कोड स्कॅन केला, पिन टाकला, पाच गेले आणि लगेच दहा आले. ताळा जुळला की बँकवाल्याचा जीव भांड्यात पडतो. पुढचा कोड पंधरा हजारांचा होता. या वेळी पाच रुपयांसारखेच पंधरा हजार गेले. आलं मात्र काही नाही.

खरी गंमत यापुढे आहे. फौजी घाबरला. "सर जी, गलती हो गई, मेरी नौकरी चली जाएगी!" त्याने रिफंडचा म्हणून आणखी एक कोड पाठवला आणि मामाने, त्या पोराचा जीव टांगणीला लागला असेल म्हणून, तोही स्कॅन केला. 2021 साली एका मुख्यमंत्र्यांच्या घरातल्या सोफ्याच्या सौद्यातही असंच झालं होतं. आधी थोडे पैसे खात्यात आले, मग 20,000 गेले, मग चूक दुरुस्त करताना आणखी 14,000. पहिल्या कोडला माणूस व्यवहार म्हणून फसतो. दुसऱ्याला फसतो तो भिडेखातर.

"अहो, पण युनिट तरी नेणार आहे का तो?" मामीने विचारलं.

या धंद्याचं एक मोठं आगर म्हणजे मेवात, हरियाणा आणि राजस्थानच्या सीमेवरचा मुलूख. एप्रिल 2023 मध्ये हरियाणाच्या सुमारे 5,000 पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या 14 गावांवर एकाच रात्री छापे घातले होते. तिथला जुना धंदा टटलूचा. खोदकामात सोन्याची वीट सापडली म्हणायचं आणि पितळेची स्वस्तात गळ्यात मारायची. पण टटलूवाल्याला आधी हावरा माणूस शोधावा लागे. सोनं स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर ज्याचे डोळे लकाकतील, तोच त्याच्या कामाचा. सोफा विकणारा कसला हावरा? तो आपलीच वस्तू आपण ठरवलेल्या किमतीला विकायला बसलेला असतो. फक्त ती किंमत त्याला आजवर कुणी दिलेली नसते. बायकोने नाही, मुलांनी नाही, भंगारवाल्याने तर नाहीच. अशात पलीकडून कुणीतरी शांतपणे "ठीक है" म्हणतं. मामाला पंधरा हजारांचा मोह नव्हता. सागवान आहे हे अखेर कुणीतरी मान्य केलं, याचा त्याला आनंद झाला होता.

यूपीआय 2016 साली आलं तेव्हापासून नियम एकच आहे: पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे ॲपवरून पैशांची मागणी पाठवायची सोय तर ऑक्टोबर 2025 पासून बंदच केली. क्यूआर कोड मात्र राहिले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या नंबरावर लगेच फोन केला तर पैसे वाटेतच गोठवता येतात कधीकधी. पण मामाने संध्याकाळपर्यंत गाडीची वाट पाहिली. नंतर तक्रार लिहायला बसला, तेव्हा संशयिताच्या नावापुढे त्याने सवयीने 'श्री.' लावलं. मी ते खोडलं. मग लक्षात आलं की नाव त्या आधार कार्डावरचं, म्हणजे बहुधा कुठल्यातरी बिचाऱ्या खऱ्या जवानाचं. पुन्हा लावलं.

या सगळ्यात खऱ्या फौजींची पंचाईत झाली आहे. बदल्या त्यांच्याच होतात, जुनं फर्निचर त्यांनाच लागतं आणि आता "आर्मीतून बोलतोय" म्हटलं की लोक फोन आपटतात. जाहिरात काढायची राहून गेली होती, म्हणून मामालाही असा एक फोन आला.

"नमस्कार, रिटायर सुभेदार बोलतोय."

"कुठल्या विमानतळावरून?" मामाने विचारलं.

"विमानतळ कशाला? कोरेगावात असतो मी, साताऱ्याकडं. ते कपाट हाय का अजून?"

"आहे. कार्ड पाठवू नका. कोड पाठवू नका."

"कसलं कार्ड? रविवारी टेम्पो घेऊन येतो की. रोख देतो. पण पंधरा काय लावलेत, राव? टीव्ही बसत न्हाई त्यात आता. फळ्या काढून कोंबड्यांचं खुराडं करायचंय मला. तीन देतो."

"तीन?" मामा खुर्चीतून उठलाच. "अहो, सागवान आहे ते!"

"सागवान आसंल, पर वाळवी बघून ठरवतो. साडेतीन."

"नऊच्या खाली एक रुपया नाही!"