थांबा, सप्टेंबरात नवा येतोय

महाग फोन घ्यायचा असं माणसाच्या मनात नुसतं आलं, तरी नातेवाइकांना त्याचा वास लागतो. मी घरात एवढंच म्हणालो होतो, की यंदा जरा बरा फोन घ्यावा म्हणतोय. रात्रीच्या आत हिंजवडीहून भाच्याचा आणि डोंबिवलीहून मेहुण्यांचा फोन आला. भाचा आयफोन संप्रदायाचा, मेहुणे गॅलॅक्सी संप्रदायाचे. शैव-वैष्णवांनी एकमेकांचा इतका दुस्वास केला नसेल. मेहुण्यांच्या मते आयफोनवाला आधी हप्ता ठरवतो आणि मग गरज शोधतो. भाच्याच्या मते गॅलॅक्सी घेणारा घरून आयफोनच घ्यायला निघालेला असतो, वाटेत त्याला कुणीतरी गाठतं.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. गॅलॅक्सीचा नवा अवतार वर्षाच्या सुरुवातीला होतो, आयफोनचा सप्टेंबरात. त्यामुळे उन्हाळा लागला की भाचा म्हणतो, ‘मामा, थांब, सप्टेंबरात नवा येतोय.’ दसरा झाला की मेहुणे म्हणतात, ‘भाऊजी, आता थांबलाच आहात तर संक्रांत होऊ द्या.’ दोघांचं ऐकायचं म्हटलं तर फोन घ्यायला पंचांगात एकही दिवस उरत नाही. त्यात 2025 साली आयफोन 17 विक्रीला आला तो 19 सप्टेंबरला, म्हणजे ऐन पितृपक्षात. मुंबईत बीकेसीतल्या अ‍ॅपलच्या दुकानापुढे लागलेली रांग टीव्हीवर दाखवत होते. ती बघून आई म्हणाली, ‘यांच्यापैकी कुणाच्याच घरचं कुणी गेलेलं नाही का रे?’

मग धातू. 2023 साली आयफोन 15 प्रो टायटॅनियमचा आला. पुढच्या जानेवारीत गॅलॅक्सी एस24 अल्ट्रानेही टायटॅनियम ल्यायलं. भाच्याने मला या धातूच्या महतीवर रविवारची दुपारभर प्रवचन दिलं होतं. दोन वर्षांनी आयफोन 17 प्रो आला तो चक्क अ‍ॅल्युमिनियमचा. भाच्याचं प्रवचन तयारच होतं: अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लवकर बाहेर पडते. हे बरोबरच आहे, आमच्या स्वयंपाकघराला ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण टायटॅनियम असो की अ‍ॅल्युमिनियम, दुकानातून बाहेर पडल्यावर मराठी माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्यावर दीडशे रुपयांचं रबरी कव्हर चढवतो. त्या धातूला पुन्हा हवा लागते ती फोन विकायची वेळ आल्यावर.

मेहुण्यांचं ब्रह्मास्त्र म्हणजे 200 मेगापिक्सेल. वीस कोटी ठिपके! आयफोनचे 48 असल्यामुळे हा आकडा ते भाच्याकडे बघून, जरा थांबून उच्चारतात. आता या वीस कोटींचं पुढे काय होतं ते बघा. नेहमीचा फोटो काढताना फोन सोळा-सोळा ठिपक्यांचा एकेक गट करतो, म्हणजे हातात येतात साधारण बारा मेगापिक्सेल. उजेड कमी असताना फोटो चांगला यावा म्हणून ही युक्ती आहे आणि ती खरंच चांगली आहे. मग मेहुणे तो फोटो ‘आपलं कुटुंब’ ग्रुपवर टाकतात. तिथे व्हॉट्सअ‍ॅप त्याला आणखी पिळतं. शेवटी आमच्या सांगलीच्या आत्या तो फोटो न उघडताच खाली अंगठा टाकतात. वीस कोटींपासून निघालेली गोष्ट एका अंगठ्यावर येऊन थांबते.

आणि चंद्र. मेहुण्यांचा फोन शंभर पट झूम करून चंद्रावरचे खड्डे दाखवतो. 2023 साली कुणीतरी चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून त्याचा फोटो काढला, तर गॅलॅक्सीने त्यातही खड्डे भरून दिले. चंद्र ओळखू आला की कृत्रिम बुद्धिमत्ता त्याचे बारकावे ठळक करते, असा खुलासा मग कंपनीने केला. म्हणजे चंद्र कसा असतो हे फोनला पाठ आहे. आपण फक्त दिशा दाखवायची. गेल्या संकष्टीला मेहुण्यांनी गच्चीवरून अंधुक चंद्राचा असाच लखलखीत फोटो आईला आणून दाखवला. तिने तो पाहिला, छान म्हणाली, आणि गुडघे दुखत असूनही जिना चढून गच्चीवर गेली. उपास सोडायला पाठांतर चालत नाही म्हणे.

गॅलॅक्सी अल्ट्राला एक पेनही असतं. मेहुणे त्याने काय लिहितात हे मला अजून दिसलेलं नाही. कान कोरताना मात्र पाहिलेलं आहे.

इतक्या भांडणानंतर या दोन देवळांच्या गाभाऱ्यात डोकावलं तर आत हरिहर! आयफोनचे पडदे बनवून देणाऱ्यांत गॅलॅक्सीवाल्या सॅमसंगचीच कंपनी आहे. दोघांच्या आतल्या चिपा नावाने वेगळ्या, पण आयफोन 17 प्रोची ए19 प्रो आणि गॅलॅक्सी एस25 अल्ट्राची स्नॅपड्रॅगन 8 एलिट, दोन्ही घडवल्या तैवानमधल्या टीएसएमसीच्या कारखान्यांत. 2020 साली अ‍ॅपलने खोक्यातून चार्जर काढून टाकला तेव्हा सॅमसंगने खिल्ली उडवली; काही महिन्यांत त्यांच्या खोक्यातूनही चार्जर गेला. युरोपच्या नियमाच्या रेट्याने 2023मध्ये आयफोनलाही सी टाइप पिन आली आणि लग्नकार्यात ‘कुणाकडे आयफोनचा चार्जर आहे का हो?’ म्हणत मांडवभर फिरणारा करुण प्राणी नामशेष झाला.

राहता राहिला रोजचा वापर. सकाळी ग्रुपवरचे गुलाब बघणे, ओटीपी शोधणे, लाइट गेली की टॉर्च लावून मेणबत्ती शोधणे, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढणे, आणि साठ रुपयांच्या मेथी-कोथिंबिरीसाठी भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करणे. भाजीवाल्याच्या डबीतून ‘साठ रुपये प्राप्त’ असा आवाज येतो. आयफोनवरून आले म्हणून ती डबी कधी अदबीने बोललेली नाही. रात्री आडवं पडून वाचताना डोळा लागला, की दोन्ही फोन सारख्याच नेमाने नाकावर पडतात. दोघांचंही वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास आहे, त्यामुळे नाकाला पंथभेद कळत नाही.

किंमत ऐकताना मात्र बसून ऐकावी. एस25 अल्ट्रा आला तेव्हा 1,29,999 रुपयांपासून होता, आयफोन 17 प्रो मॅक्स 1,49,900 पासून. दुकानातला मुलगा ‘नो कॉस्ट इएमआय’ म्हणाला. व्याज नाही म्हणजे व्याजावरचा जीएसटीही नाही ना, असं मी विचारलं. तो आपल्या मॅनेजरकडे गेला. मॅनेजर मुळीच आला नाही. (जीएसटी लागतो. प्रोसेसिंग फीही लागते.)

तेव्हा कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. गॅलॅक्सीला आता सात वर्षं अपडेट मिळतात, आयफोनही वर्षानुवर्षं चालतो. म्हणून गेल्या वर्षीचा घ्या. दुकानदार तो दाखवायला कंटाळा करतो, पण मागितला की काढतो. कोणत्या पंथाचा, हे धातू-मेगापिक्सेलवर ठरवू नका. रात्री साडेदहाला ‘अरे, ते सगळे फोटो गेले कुठे?’ असं आपण ओरडलो, की घरातला जो माणूस न चिडता फोन हातात घेतो, त्याचा जो पंथ तोच आपला. आमच्याकडे तो भाचा आहे, म्हणून मी आयफोन घेतोय. मेहुण्यांना कृपया कुणी कळवू नये.