आबांची गाठ

देवबागला समुद्राला मिळते ती नदी कर्ली, बाजारात मिळतो तो काटेरी मासा करली आणि खाडीच्या चिखलात राहते ती कुर्ली. या एका उकारावर आबांनी निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य उभं केलं आहे. मुंबईत नोकरीला असताना ते तिला ‘चिंबोरी’ म्हणत, असा गावात प्रवाद आहे. आबा तो साफ नाकारतात.

गरवायला येणाऱ्या बाकीच्यांना मासा हवा असतो. आबांच्या लेखी मासा हे आमिषाचं गिऱ्हाईक. माल चोख ठेवायचा. गिऱ्हाइकाने यावं की न यावं, हा त्याचा प्रश्न.

तयारी आदल्या रात्री कॅलेंडरपासून सुरू होते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन. हा हिशेब आबा तोंडी करतात, मग कागदावर करतात, मग काकींना ऐकवतात. सकाळी ओहोटीला खडप उघडं पडलं की दगड उलटे करत हिंडतात. हाताला लागलेली प्रत्येक कुर्ली उताणी करून बघायची. पोटावरचा पडदा निमुळता असला तर नर, रुंद असला तर मादी. अंडी धरलेली सापडली तर “जा बाय, बाळंतपण उरकून घे,” म्हणत तिला पाण्यात सोडतात. बाकीच्या भिजवलेल्या गोणपाटात जातात.

“आबा, बादलीत पाणी घालून ठेवूया की!” असं मी एकदा म्हणालो होतो.

“रे झिला, साचलेल्या पाण्यात जीव घुसमटता तेंचो. कल्ले ओले रव्हले म्हंजे झाला. तुका कोणी झाकण लावून डब्यात ठेवल्यान तर चलात?”

त्यानंतर मी सूचना करत नाही, फक्त गोणपाट धरतो.

पण आबांचा खरा जीव मऊ कुर्लीत. कुर्लीला वाढायचं असलं की जुनं कवच टाकावं लागतं आणि नवं कडक होईपर्यंत ती नुसता लोण्याचा गोळा असते. अशी एखादी सापडली की आबांचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली येतो. अडचण एकच, लोण्याचा गोळा गरीवर टिकत नाही. तंगूस भिरकावली की शिसं एकीकडे आणि कुर्ली दुसरीकडे. म्हणून ती दोऱ्याने बांधायची. दोरा काकींच्या शिवणाच्या डब्यातला, जांभळा. सात वेढे, तीन गाठी. गाठ मारताना आबा श्वास रोखतात आणि आम्हालाही रोखायला लावतात.

कडक कुर्लीचा विधी निराळा. आधी डेंगे मोडायचे, “नायतर खाली जावन दगडाक मिठी मारता.” मोठी असली तर पाठ उचकटून दोन फाका करायच्या, लहान असली तर अख्खी लावायची. गरी शेवटच्या पायाच्या सांध्यातून आत घालून कवचाच्या कडेतून बाहेर काढायची, आणि टोक उघडं ठेवायचं. “टोक झाकलास तर मासो जेवता, हात धुता आणि जाता.”

शेजारी कोणी सुंगटं लावून बसला असेल तर आबा त्याच्याकडे नापास विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहतात. “सुंगट म्हंजे केंडाक आमंत्रण! कुर्लेक केंड तोंड लावणा नाय.” केंडाच्या तोंडात पोपटाच्या चोचीसारखे चार दात असतात आणि कवच फोडायला त्यांच्यापेक्षा चांगला अडकित्ता नाही, हे केंडांनी आबांना अनेकदा दाखवून दिलं आहे. अर्धी कुरतडलेली कुर्ली वर आली की आबा ती उन्हात धरून निरखतात. “बघ. केंडाकसुद्धा चव कळली.”

गेल्या चतुर्थीची गोष्ट. भरती तीनला होती. आबा अडीचला येऊन बसले. मऊ कुर्ली होती, त्यामुळे वेढे, गाठी, पुन्हा वेढे. पहिली गरी पाण्यात पडली तेव्हा साडेचार झाले होते आणि पाणी घरी निघालं होतं. थोड्या वेळाने तंगूस किंचित थरथरली. आबा उठून उभे राहिले, धोतर सावरलं, तंगूस ओढली. गरी स्वच्छ, धुतल्यासारखी.

दहाएक मिनिटं गेली असतील. पलीकडे बसलेल्या शाळकरी पोराने सुंगट लावून टाकलेली दोरी ताणली गेली आणि हातभर लांबीची तांबोशी वाळूवर येऊन आपटली. आम्ही सगळे धावलो. आबा सावकाश आले.

“मासो तुझो,” ते म्हणाले, “पोट तेवढा माका दी.”

पोर गोंधळलं, पण कबूल झालं. आबांनी सुरी काढून तिथेच पोट चिरलं. आत कुर्लीच्या कवचाचा चुरा होता. आबांनी तो तळहातावर घेऊन आम्हा सगळ्यांपुढे प्रसादासारखा फिरवला. “जेवण कुर्लेचा! सुंगट तेना सुपारी म्हणान खाल्ल्यान.”

आणि मग त्या चुऱ्यात काहीतरी चमकलं. जांभळं. आबांनी दोन बोटांनी हळूच ओढलं. दोऱ्याचे वेढे आणि त्यांवर तीन गाठी.

आबांचे डोळे भरून आले. “मासो गेलो,” ते म्हणाले, “पण गाठ सुटूक नाय!”

त्या संध्याकाळी पोराच्या घरी तांबोशी तळली गेली. आबांनी दोरा धुऊन, बशीत ठेवून काकींपुढे धरला आणि सगळी हकिगत सांगितली. काकींनी दोरा उचलला, दिव्याजवळ नेऊन पाहिला.

“ह्यो माज्या झंपराचो दोरो,” काकी म्हणाल्या. “रीळ खय असा?”