कुठले तुम्ही? गुण पाच

भाचीच्या मुलीचा न्यू जर्सीहून फोन आला. नववीत आहे. इंग्रजीच्या बाईंनी 'मी कुठली' या विषयावर कविता लिहून आणायला सांगितली होती.

"आजोबा, आपण कुठले?"

"सातारा जिल्ह्यातले."

"तिथं आपलं घर आहे?"

"घर पडलं. सातबारा आहे. त्यावर सतरा नावं, थोडा ऊस आणि कोर्टात एक दावा."

"दावा म्हणजे?"

"कवितेत बसणार नाही. सोड."

हा गृहपाठ तिकडं सर्रास देतात. मूळ कविता केंटकीच्या जॉर्ज एला लायन यांची, १९९३ची. (नाव जॉर्ज, पण बाई आहेत.) घरातल्या वस्तू, नातलग, खाणंपिणं, मोठ्यांची नेहमीची वाक्यं एकापुढे एक मांडत 'मी इथली, मी तिथली' म्हणत जायचं. कवयित्रीनं जीव ओतून लिहिलं आणि मास्तरांना त्यात साचा सापडला. मास्तरांना साचा सापडला की त्या कवितेचं पुढं काय होतं, ते आपण सगळे शाळेत भोगून आलोय.

"घरात वास कसले येतात, तेही लिहायचंय," पोरगी म्हणाली.

ही मजा बघा. यांच्या घरी फोडणी टाकायची म्हणजे मोहीम असते. आधी सगळ्यांचे कोट कपाटात कोंडायचे, खिडक्या उघडायच्या आणि एकानं स्मोक अलार्मखाली टॉवेल हलवत उभं राहायचं. सहावीत कुणीतरी डब्याकडं बघून नाक मुरडलं, तेव्हापासून हिची पोळीभाजी बंद झाली आणि सँडविच सुरू झालं. आता त्याच वासाला पाच गुण! हिंगाला इंग्रजीत जे काही म्हणतात त्याचं स्पेलिंग तिनं मला विचारलं. हिंग सोडून मी जगेन एक वेळ, ते स्पेलिंग मला जमायचं नाही.

तर मूळ हिंगापर्यंत असलं की शाळा खूश. त्याखाली कुदळ घातली की गडबड होते. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये मेक्सिकन-अमेरिकन पोरांना त्यांचाच इतिहास आणि साहित्य शिकवणारे वर्ग होते. तिथं 'मी कुठला'च्या मागोमाग 'मग आमची जमीन कुणी घेतली' हे ओघानं येणारच. २०१० मध्ये राज्यानं कायदा केला, २०१२च्या जानेवारीत वर्ग बंद झाले आणि काही पुस्तकं खोक्यांत भरून हलवली गेली. यामागं वांशिक आकस होता, हे न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. तोवर ती पोरं शाळेतून केव्हाच बाहेर पडली होती.

आपल्याकडं असं काही होत नाही. आपण वर्गात विचारतच नाही ना! आपल्या इंग्रजीच्या तासाला 'मायसेल्फ' असतो आणि तो गाईडात असतो. चाळीस पोरांच्या चाळीस आया गृहिणी. चाळिसांचा छंद वाचन. चाळिसांनाही डॉक्टर व्हायचंय. स्वतःबद्दल दहा ओळी, त्यातली एकही स्वतःची नाही.

मुळाची चौकशी ऑफिसातल्या जनरल रजिस्टरनं पहिल्याच दिवशी केलेली असते. जन्मस्थळ, धर्म, जात, पोटजात. बाहेर आडनावावर भागतं. नाही भागलं तर "मूळ गाव कुठलं?" तेवढ्यानंही उलगडा झाला नाही तर हळूच, चहाचा कप खाली ठेवत, "गावात कुठं?" वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचं राज्य मंत्रिमंडळानं २०२०च्या डिसेंबरात ठरवलं. पाट्या बदलल्या असतील. चहाचा कप अजून तसाच खाली ठेवला जातो.

तरी एखाद्याला खाज असतेच. माझा एक मित्र मूळचा रत्नागिरीचा, बीड जिल्ह्यात इंग्रजी शिकवतो. त्यानं दिवाळीआधीच्या वर्गचाचणीत गाईड बंद करून नववीला पाच वाक्यं लिहायला लावली. स्वतःची, चुकली तरी चालतील अशी. एका पोरानं लिहिलं, 'माय फादर अँड मदर आर वन कोयता.'

मित्रानं लाल पेनानं 'आर' खोडून 'हॅव' केलं. आईबापांकडं एक कोयता आहे, असं व्याकरणात चोख बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गंमत म्हणून सांगायला गेला, तर कुणीच हसेना. शेवटी शिपाईमामांनी समजावलं. सर, ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता. उचल त्या हिशेबानं मिळते. एकटा गडी असला तर अर्धा कोयता.

म्हणजे वाक्य बरोबर होतं. 'आर'च हवं होतं.

मित्रानं आपली दुरुस्ती खोडली, पाचपैकी पाच दिले. कधी देत नाही तो. सुट्टीनंतर पेपर वाटले, तेव्हा हा एक हातात उरला. कोयता सातारा जिल्ह्यातल्या कारखान्यावर गेला होता, पोराला घेऊन.

आमच्या सतरा नावांचा ऊसही आता तोडीला आलाय.