दयाळूपणाला किती मार्क?

माथेरानात जन्मलेले गिरीश कर्नाड ज्या ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला गेले, तिचं नाव काढलं की आपल्याकडे अजूनही आवाज आदराने खाली येतो. ती ठेवणारा सेसिल ऱ्होड्स मात्र आदराच्या बाबतीत अवघड गृहस्थ. हिऱ्यांच्या खाणींवर गबर झाला, आफ्रिकेत साम्राज्य पसरवलं आणि 1902 साली वारला. ऑक्सफर्डमधल्या त्याच्या पुतळ्यावरून आजही भांडणं होतात.

पण त्याचं मृत्युपत्र वाचण्यासारखं आहे. त्याला नुसते पुस्तकी किडे नको होते, म्हणून त्याने निवडीचं कोष्टकच घालून दिलं. अभ्यासाला दहात तीन, मैदानी खेळांना दोन, सत्य, धैर्य, दुबळ्यांची कणव वगैरेंना तीन आणि पुढारीपणाला दोन. म्हणजे दयाळूपणाचा गट क्रिकेटपेक्षा एका मार्काने पुढे!

हे मार्क द्यायचे कुणी? अभ्यासाचे परीक्षेवरून, पुढारीपणाचे हेडमास्तरांनी. आणि खेळ व सद्गुण यांचे, बरोबरच्या मुलांनी मतदान करून!

आपल्या एखाद्या होस्टेलवर हे मतदान घेऊन बघा. जर्नल उतरवायला देणारा दयाळू. मेसचे पैसे उसने देऊन विसरणारा तर साक्षात संत. प्रॉक्सी मारायला नकार देणारा सत्यवचनी मुलगा डिपॉझिट गमावून बसणार. आणि मतदानाच्या आदल्या रात्री चहा-भजी कुणी पाजली, यावर धैर्याचे मार्क ठरणार. पुढे हे मतदान मागे पडून निवड समित्या आल्या, ते बरंच झालं.

स्वतः ऱ्होड्स 1873 मध्ये ऑक्सफर्डला दाखल झाला आणि पदवी घेतली 1881 मध्ये. मधल्या काळात खाणींकडे येरझाऱ्या चालू होत्या. आपल्याकडे हजेरीवरून त्याची टर्मच अडवली असती. शिवाय मृत्युपत्रात पौरुषाचा एवढा गजर, की मुलींना 1977 पर्यंत दार बंद होतं. ते उघडायला कायदा व्हावा लागला.

आता अर्ज येतात, शिफारसपत्रं येतात, चाळणी लागते. शेवटच्या फेरीत उरलेल्यांची मुलाखत होतेच, पण तिच्याआधी निवड समितीबरोबर अनौपचारिक गप्पांचा, खाण्यापिण्याचा कार्यक्रम असतो. हे सरळसरळ कांदेपोहे! फरक इतकाच की इथे एका वेळी सगळीच स्थळं दिवाणखान्यात हजर. हातात बशी, तोंडात घास, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी विचारतं, ‘मग, लोकशाहीबद्दल काय वाटतं तुम्हाला?’ शेजारच्याला पाण्याचा ग्लास पुढे केला तर सौजन्य. दोघांना केला तर दिखावा. कुठल्याही क्लासला याच्या नोट्स मिळत नाहीत.

अमेरिकेत तर बरीच वर्षं आणखी कठोर रीत होती. तिथले 16 विभाग, प्रत्येकातून दोघं. मुलाखती संपल्या की सगळे उमेदवार एकाच जागी थांबायचे. समिती बाहेर यायची, दोन नावं वाचायची, आणि बाकीच्यांनी तिथल्या तिथे हसत टाळ्या वाजवायच्या, हात मिळवायचे, ‘तुलाच मिळायला हवी होती’ म्हणायचं. सद्गुणांचे ते तीन मार्क द्यायचेच तर या मंडळींना, याच मिनिटाला द्यावेत. पण तोवर समितीने फायली बांधलेल्या असायच्या आणि परीक्षकांना आपापल्या गाड्या गाठायच्या असायच्या.