मुलींसह झाशी : बापांसाठी नियमावली

ज्यांच्या घरी एक मुलगी कॉलेजात आणि दुसरी दहावी-बारावीच्या मध्ये कुठेतरी आहे, अशा मराठी बापांसाठी ही नियमावली आहे. ज्यांना फक्त मुलगे आहेत त्यांनीही वाचायला हरकत नाही, मात्र यातलं निम्मं त्यांना अतिशयोक्त वाटेल.

सहलीला झाशीच का, याचं कारण बापाकडे तयार असतं. आपल्या मुलींनी राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला बघावा, त्यातून काही घ्यावं, निर्भय व्हावं. हा हेतू स्तुत्य आहे. तो चार दिवस टिकवून धरणं बापाला किती जड जातं, ते पुढे कळेलच. आई बरोबर का येत नाही, असंही लोक विचारतात. तिला घरात चार दिवस शांतता हवी असते. हे मुलींना माहीत असतं, बापाला नसतं.

हंगामाबद्दल वाद घालू नये. 'बाबा, मे महिन्यात बुंदेलखंड?' असं थोरलीने विचारलं तर ती बरोबर आहे. तिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा.

नियम १ : बापाने तिकिटाच्या वाटेला जाऊ नये.

डिसेंबर २०२१मध्ये झाशी स्टेशनचं नाव 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' झालं. बाप संकेतस्थळावर जुनं नाव शोधत चष्मा पुसतो, तोवर थोरलीने बर्थसुद्धा निवडलेले असतात. मुंबईहून पंजाब मेल आहे, पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्स्प्रेस. पंजाब मेल १९१२पासून धावते आहे, ही माहिती बापाने स्वतःपाशीच ठेवावी. ती कोणी विचारलेली नाही.

गाडीत खालचा बर्थ आपल्याला मिळेल, या भ्रमात राहू नये. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी. पहिल्या दोन तासांत मुली म्हणतील, 'आम्हाला हे नको, पँट्रीतलं मागवू.' भुसावळच्या पुढे दशम्या संपलेल्या असतील आणि बापाला एकही मिळालेली नसेल.

नियम २ : इतिहास तीन वाक्यांत सांगावा.

चौथ्या वाक्याला कानात इअरफोन जातात. तीन वाक्यं अशी : ओरछाच्या बीरसिंह देवने १६१३मध्ये हा किल्ला बांधला. पुढे मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी तो वाढवला. राणीचे पती, झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान गिळलं.

इथे थांबावं. पुढचं सगळं मोबाइलवर असतं आणि मोबाइल थोरलीच्या हातात असतो. दत्तक घेतलेल्या दामोदररावाचं मूळ नाव आनंदराव होतं आणि दत्तकविधान गंगाधररावांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी झालं, हे तीच बापाला सांगेल. बापाने 'हो, माहीत आहे' असं म्हणू नये. माहीत नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसतं.

नियम ३ : तिकीटखिडकीवर वय चोरू नये.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. धाकटीने नुकतीच पंधरा पूर्ण केलेली असते आणि बापाच्या डोळ्यांत एक हिशेबी चमक येते. वाचणारे रुपये एका चहाचे. धाकटी मात्र सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, 'बाबा, मी फिफ्टीन कम्प्लीट आहे!' तीन तिकिटं काढावीत आणि पुढे सरकावं.

नंतर गावातल्या गणेश मंदिरात जावं. मनू तांबेचं, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाईंचं, गंगाधररावांशी लग्न इथे झालं, १८४२ साली. जन्मसाल १८२८ हे प्रचलित साल धरलं, तर ज्या वयात आज पुरातत्त्व खातंही मुलीला लहान समजून तिकीट मागत नाही, त्या वयात ती संस्थानाची राणी झाली. हा हिशेब बापाने मांडू नये, धाकटीला करू द्यावा. तो केल्यावर ती थोडा वेळ गप्प असते. सहलीत असे क्षण थोडेच येतात. तेवढ्यात 'चला, उशीर होतोय' म्हणू नये.

नियम ४ : कठड्यापाशी तोंड बंद ठेवावे.

हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त मोडला जाणारा आहे.

किल्ल्यात आधी कडक बिजली तोफ लागते. ती चालवणारे गोलंदाज गुलाम गौस खान यांचं नाव घ्यावं, ते ठीक. मग येते ती उडीची जागा. दामोदररावाला पाठीशी बांधून राणीने इथूनच घोड्यासकट झेप घेतली, असं इथे सांगतात. बाप मुलींना मुद्दाम या जागी आणतो. आवाज जड करतो. 'बघा, केवढं धाडस! मुलींनी असं असायला हवं,' असं म्हणतो. धाकटी खाली किती खोल आहे ते बघायला जरा वाकते आणि बाप त्याच श्वासात ओरडतो, 'कठड्यापाशी जाऊ नकोस!'

धाकटी म्हणते, 'तिने घोड्यासकट उडी मारली, मी नुसती वाकले.' यावर आजवर कोणत्याही बापाला उत्तर सापडलेलं नाही. शोधू नये.

थोरली तेवढ्यात वाचून सांगते की ४ एप्रिल १८५८च्या रात्री राणी भांडेर दरवाजातून बाहेर पडली, असं काही अभ्यासक मानतात. बापाने दुखावून घेऊ नये. राणी गेली कुठूनही असो. भोवती इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेचा वेढा होता, सोबत लहान मूल होतं आणि काल्पी गाठायची होती, हे कोणी नाकारत नाही. शिवाय जाताना तिने कोणाची परवानगी मागितली नव्हती. ही माहितीही बापाने मनातल्या मनात ठेवावी. ती मुलींच्या कामाची आहे.

नियम ५ : वाटाड्या छापील घ्यावा.

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' बॅगेत असावं. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७मध्ये कर्ज फेडण्याइतकी दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते गावातच होते. झाशीची सहल इतक्या वाईट मुहूर्तावर केलेला दुसरा मराठी माणूस नसेल. पुस्तक छापलं गेलं ते १९०७मध्ये, चिंतामण विनायक वैद्य यांच्या हातून.

दोन जागा मुलींना दाखवाव्यात. एक, तोफा डागायची वेळ आली असताना राजवाड्यात झालेलं चैत्रातलं हळदीकुंकू. दुसरी, काल्पीच्या वाटेवरची विहीर. पराभवानंतर धुळीने भरलेली, तहानलेली राणी तिथे भटजींना भेटते. ते पाणी काढून द्यायला निघतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाला ते काम नको म्हणून ती स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. घोड्यावरच्या पुतळ्यापेक्षा थोरलीला हीच राणी जास्त पटते, असा अनुभव येईल.

लुटालुटीतून वाचून भटजी शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. हा भाग सांगताना बापाने मुलींकडे अर्थपूर्ण नजरेने बघू नये.

नियम ६ : रीलमध्ये सहभागी व्हावे.

राणी महालाच्या कमानी रीलसाठी उत्तम. 'बाबा, फक्त दोन सेकंद मान हलवा,' असं सांगितलं की बापाची प्रतिष्ठा आडवी येते. गंगाधररावांना नाटकाचा नाद होता आणि ते स्वतः रंगमंचावर स्त्रीभूमिका करत, असं सांगतात. झाशीच्या राजाला लुगडं नेसणं चाललं, तर आपण मान हलवायला हरकत नाही.

रील घरच्या ग्रुपवर टाकू नये, अशी अट घालून ठेवावी. ती पाळली जाणार नाही.

नियम ७ : उत्तर प्रदेशात वडापाव शोधू नये.

सकाळी गरम कचोरी आणि जिलबी खावी, तक्रार करू नये. दुपारी मुली मोबाइलवर बघून कुठलंसं कॅफे काढतील आणि बुंदेलखंडाच्या मध्यावर बसून व्हाइट सॉस पास्ता मागवतील. बापाला तेव्हा वरण-भात आठवतो. आठवू द्यावा, बोलू नये. बिल मात्र बापाकडेच येईल. तेवढ्यापुरती पितृसत्ता अबाधित आहे.

नियम ८ : ओरछात चपला सांभाळाव्यात.

ओरछा झाशीपासून सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. रिक्षा तेवढ्यात राज्याची हद्द ओलांडून मध्य प्रदेशात जाते. तिथल्या मंदिरात राम देव म्हणून नव्हे, राजा म्हणून पुजला जातो आणि पोलिस त्याला सशस्त्र सलामी देतात. म्हणजे गावात राजा एकच. बाकी सगळे, बापासकट, प्रजा.

जहांगीर महालही त्याच बीरसिंह देवचा. पायऱ्या उंच आहेत. बापाने मुलींच्या मागून चढावं. पुढे गेल्यास दम लागलेला दिसतो. बेतवा नदीचं पाणी बरं असेल तेव्हा राफ्टिंग मिळतं. बापाला ऐन वेळी कंबरदुखी आठवते, तेव्हा काठावरच्या चपला, तीन मोबाइल आणि ओले मोजे सांभाळण्याची जबाबदारी त्याच्याकडे येते. ती आनंदाने स्वीकारावी. 'लाइफ जॅकेट नीट बांध' हे वाक्य एकदाच म्हणायची मुभा आहे.

नियम ९ : मागे मागे जाऊ नये.

संध्याकाळी दोघी म्हणतात, 'आम्ही जरा सदर बाजारात जाऊन येतो.' बाप 'मलाही पेन घ्यायचंच होतं' असं काहीतरी बोलून वीस पावलांवरून मागे चालू लागतो. मुलींना हे पहिल्या मिनिटाला कळतं. पेन घेऊन परत फिरावं.

परतीच्या गाडीत थोरली विषय काढते, 'पुढच्या वेळी आम्ही मैत्रिणी खजुराहोला जाणार आहोत.'

'एकट्या?'

'चौघीजणी आहोत, बाबा.'

'म्हणजे एकट्याच ना?'

चार मुली मिळून एकट्या होतात, हे गणित फक्त बापांना येतं. इथे राणीच्या वडिलांची, मोरोपंत तांब्यांची आठवण करावी. पत्नी गेली तेव्हा मनू चार वर्षांच्या आसपास होती. मोरोपंत तिला काशीहून बिठूरला घेऊन आले, पेशव्यांच्या वाड्यात वाढवलं आणि पोरांबरोबर घोडा, तलवार, लिहिणं-वाचणं शिकू दिलं. आख्यायिका अशी की मनूने हत्तीवर बसायचा हट्ट धरला, तेव्हा मोरोपंत म्हणाले, तुझ्या नशिबी हत्ती कुठला? म्हणजे बजेटचं कारण तेव्हाही होतं. पोरगी म्हणाली, माझ्या नशिबी एक नाही, दहा हत्ती आहेत. मोरोपंतांनी हत्ती दिला नाही, पण घोडा काढूनही घेतला नाही.

पुढे ते मुलीच्या मागे झाशीला आले, तिच्याच पदरी राहिले, वेढ्यात तिच्या बाजूने उभे राहिले. झाशी पडल्यावर जखमी अवस्थेत ते दतियाकडे निघाले, पकडले गेले, आणि इंग्रजांनी त्यांना झाशीतच फाशी दिलं. किल्ल्यात राणीचं नाव पावलोपावली येतं, मोरोपंतांचं शोधावं लागतं. बापांनी ते शोधावं.

सहल यशस्वी झाली की नाही, याची कसोटी एकच : पुढची सहल मुली तुमच्याशिवाय ठरवतात का? ठरवत असतील, तर आधी 'हो' म्हणावं, प्रश्न नंतर विचारावेत. पैसे लगेच पाठवावेत. लाइव्ह लोकेशन मागावं, पण एकदाच.