उलट्या अक्षरांचा हातोडा

बाबा वनपाल होते. आमच्या घरात दोन वस्तूंना हात लावायची मनाई होती: देवघरातली समई आणि बाबांचा हातोडा. हातोडा दिसायला साधाच, पण त्याच्या तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली. साग तोडला की ओंडक्याच्या कापल्या अंगावर बाबा तो हाणायचे आणि अक्षरं सुलटी उमटायची. तो शिक्का आणि वाहतूक परवाना नसला तर नाक्यावरून ट्रक हलत नसे. आलापल्लीकडचा साग बल्लारशाच्या डेपोत पोचायचा तो याच भरवशावर. समई कलंडली तर आई रागवायची. हातोडा हरवला तर थेट निलंबन. म्हणून बाबा दौऱ्यावरसुद्धा तो उशाखाली घेऊन झोपत. पुढे त्यांची मान धरली, ते खापर मात्र डॉक्टरांनी वयावर फोडलं.

२०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं आणि आम्हा चंद्रपूरच्या पोट्ट्यांच्या मार्कशीटवरून नागपूर गेलं. त्याच विद्यापीठाच्या एमएस्सीला मला क्रिप्टोग्राफी भेटली. १९७७ सालची रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांची आरएसए पद्धत. पेपरात उदाहरण होतं: मूळ संख्या ३ आणि ११, गुणाकार ३३, पब्लिक की ३, खासगी की ७, निरोप ४. चाराचा घन ६४, त्याला ३३नं भागून बाकी ३१. इथवर मी राजा होतो. निरोप उलगडायला मात्र ३१चा सातवा घात करून पुन्हा ३३नं भागायचं होतं, आणि कॅल्क्युलेटरला बंदी. मी बाह्या सरसावल्या. दोन पुरवण्या भरल्यावर २७,५१,२६,१४,१११ हा आकडा हाती आला. एवढी रक्कम मी तोवर फक्त अर्थसंकल्पाच्या बातम्यांत पाहिली होती. तिचा भागाकार अर्ध्यावर असताना घंटा वाजली. शेजारच्या बाकावरल्या पोरीनं ३१ म्हणजे उणे २ असं धरलं, त्याचा सातवा घात उणे १२८, त्यात १३२ मिळवले, उत्तर ४ लिहिलं आणि ती पाणी प्यायला गेली.

"काहून तोंड पाडून बसला बे?" संध्याकाळी बाबांनी विचारलं. मी सांगत गेलो. कुलूप साऱ्या जगाला वाटायचं, किल्ली आपल्यापाशी ठेवायची. सही करायची तर त्याच्या उलट: गुप्त किल्लीनं आपण शिक्का मारायचा, पब्लिक कीनं कोणीही तो तपासायचा.

"म्हंजे हातोडाच ना!" बाबा म्हणाले. "शिक्का साऱ्यायले दिसते, हातोडा माह्यापाशी."

सहा महिन्यांत जे मला कळलं नव्हतं ते त्यांना चहा निवायच्या आत कळलं. वर शंकाही काढली: चोरानं शिक्क्याची चकती कापून दुसऱ्या लाकडाला चिकटवली तर? त्यांनी स्वतः तसे चोर धरले होते. मी म्हणालो, इथला शिक्का त्या लाकडाच्याच रेषांवरून तयार होतो. एक अक्षर बदललं तरी जुळत नाही. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असा हातोडा आमाले काहून नाही देल्ला?"

मग या कुलपाची मदार कशावर, ते मी सांगितलं: दोन संख्या गुणायला सोप्या, पण गुणाकार फोडायला महाकठीण. ३३ कोणीही फोडील, खऱ्या कामातले आकडे ६१७ आकडी असतात. हे ऐकून ते हसले. "लाकूड फोडाले सोपं, जोडाले कठीण. तुह्या शास्त्रात सारंच उलटं."

हीच युक्ती क्लिफर्ड कॉक्सनं १९७३ सालीच इंग्लंडच्या सरकारी गुप्तचर खात्यात शोधली होती आणि ती १९९७पर्यंत बाहेर आली नाही, हे सांगितल्यावर मला वाटलं ते थक्क होतील.

"सरकारी खातं हाय," ते म्हणाले. "चोवीस वर्षं फाईल दाबली, त्यात का नवल?"

निवृत्तीनंतर एका कार्यालयात त्यांचं काम अडलं. मी सोबत गेलो. कागदावर साहेबांची डिजिटल सही हवी होती आणि साहेब दौऱ्यावर. "काही हरकत नाही," म्हणत बाबूनं भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली साहेबांची डोंगल काढली, कॉम्प्युटरला लावली आणि मान वर करून कॅलेंडरकडे पाहिलं. गुढीपाडव्याच्या चौकोनात पासवर्ड लिहिलेला होता.

बाबांचा चेहरा लाल झाला. "हातोडा असा टांगून ठेवतेत?" असं म्हणत ते उठले, टेबलावरचा बॉलपेन घेतला आणि बाबूची बोटं पोचायच्या आत गुढीपाडवा गिरमिटून टाकला.

बाबूला पासवर्ड पाठ नव्हता. फोन केला, तर साहेबांना तो कधी माहीतच नव्हता. आमचं काम दीड महिना लांबलं.